स्पर्शरहित स्मार्ट कार्ड

स्पर्शरहित स्मार्ट कार्ड : संकलित मंडल व आकाशक अंतर्भूत असलेले आणि वाचकयंत्राच्या केवळ सान्निध्यात आणले असता त्याच्याशी माहितीची देवघेव करणारे, खिशात मावण्याजोगे प्लॅस्टिकचे पत्रक. सार्वजनिक वाहनांचे भाडे व दैनंदिन व्यवहारातील किरकोळ रकमा चुकत्या करण्यासाठी, तसेच ओळखपत्र व प्रवेशपत्र म्हणून त्याचा उपयोग केला जातो. हे कार्ड यंत्राच्या फटीत घालावे लागत नाही किंवा त्यावर घासावे लागत नाही. यंत्रापासून काही सेंमी. अंतरावर क्षणभर धरले की व्यवहार पुरा होतो. ज्या वाहतुकीत थोड्या वेळात फार मोठ्या संख्येने प्रवासी चढतात व उतरतात आणि प्रत्येकाकडून घ्यावयाची रक्कम अल्प असते, तेथे ते विशेष उपयुक्त ठरते. मुंबईची वाहतूक याच प्रकारची आहे. तथापि अशा कार्डाने होणारी सोय केवळ त्याच्या तांत्रिक गुणांवर अवलंबून नसते. ते किती वाहतूक संस्थांना मान्य आहे, त्यांच्यातील हिशोब कसा मिटविला जातो आणि ज्याच्यापाशी कार्ड नाही त्याची व्यवस्था काय, या गोष्टींवर ती अधिक अवलंबून असते. मुंबईतील भाडेवसुलीच्या इतिहासावरून हे स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : प्रवासाचे तिकीट हे मुळात दोन प्रयोजने साधणारे साधन आहे. प्रवाशाच्या दृष्टीने ती पैसे दिल्याची पावती असते, तर वाहतूक संस्थेच्या दृष्टीने तो आपल्याच नोकरांकडून हिशोब घेण्याचा मार्ग असतो. इंग्लंडमधील टॉमस एडमंडसन या रेल्वे-कर्मचाऱ्याने १८३० नंतरच्या दशकात अनुक्रमांक छापलेली जाड पुठ्ठ्याची लहान तिकिटे प्रचारात आणली, ती या दुसऱ्या प्रयोजनासाठी. दिवसाच्या प्रारंभीचा व अखेरीचा क्रमांक पाहिला की किती तिकिटे विकली गेली व किती रक्कम जमा व्हावयास हवी, हे तत्काळ कळे. ही पद्धत पुढे जगभरच्या रेल्वेंनी स्वीकारली आणि भारतातही ती दीर्घकाळ चालू होती.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी या प्रवासाचे भाडे प्रारंभी तीन आणे होते व त्याबद्दल तिकीट दिले जात नसे. पुढे भाडे दोन आण्यांवर आणण्यात आले आणि फुकट प्रवास करणाऱ्यांना आळा घालण्यासाठी त्याच वर्षी तिकिटे देण्यास प्रारंभ झाला. १९०७ साली विजेची ट्राम व १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस सुरू झाली. या सर्व वाहनांत भाडे गोळा करण्याचे काम वाहक करीत असे. चामड्याची पिशवी, तिकिटांची पेटी व भोके पाडण्याचा चिमटा ही त्याची साधने होती. गर्दीच्या वेळी गिरगाव किंवा लालबागच्या एका थांब्यावर पंधरा-वीस माणसे चढली, तर पुढील थांबा येण्याच्या आत प्रत्येकाला उतरण्याचे ठिकाण विचारणे, भाडे सांगणे, नाणी मोजणे, उरलेले पैसे परत करणे व तिकीट फाडून देणे एवढे सर्व त्याला उरकावे लागे. वाहक व प्रवासी यांच्यातील बहुतेक तंट्यांचे मूळ सुट्या पैशांत असे.

या अडचणीवर रेल्वेने काढलेला जुना उपाय म्हणजे मुदतीचे तिकीट अथवा पास. महिन्याचे किंवा तिमाहीचे भाडे एकदाच भरले की त्या मुदतीत प्रवाशाला खिडकीपाशी जावे लागत नाही. गिरणगावातील कामगार बहुधा गिरणीच्या आसपासच्या चाळींत राहत व पायी कामावर जात. त्यामुळे पासाचा खरा आधार उपनगरांतून शहरात येणाऱ्या नोकरदार वर्गाला झाला. आगाऊ भरणा, सवलत, प्रत्येक वेळी होणाऱ्या देवघेवीपासून मुक्तता आणि धारकाला दिलेला विश्वास ही स्मार्ट कार्डाची जी वैशिष्ट्ये आज सांगितली जातात, ती सर्व पासात होती. पासाची मर्यादा एवढीच, की तो ठरावीक दोन स्थानकांपुरता व ठरावीक वाहनापुरता असतो. ही मर्यादा दूर करणे हे स्पर्शरहित कार्डाचे मुख्य प्रयोजन होय.

रचना व कार्य : हे कार्ड ८५·६ मिमी. लांब, सु. ५४ मिमी. रुंद व सु. ०·७६ मिमी. जाड असते. त्याच्या दोन थरांमध्ये तांब्याच्या बारीक तारेची किंवा पट्टीची काही वेटोळी कडेलगत बसविलेली असतात व त्यांची टोके सिलिकॉनच्या लहानशा चिपेला जोडलेली असतात. सर्वसाधारण कार्डात विद्युत् घट नसतो. कार्डाला लागणारी ऊर्जा वाचकयंत्राकडून मिळते. वाचकयंत्रातील वेटोळ्यातून १३·५६ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह वाहत असतो व त्यामुळे त्याच्या सभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. कार्ड या क्षेत्रात आले की त्याच्या वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो. मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली शोधून काढलेल्या विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वाचाच हा उपयोग आहे. रोहित्राचे कार्यही याच तत्त्वावर चालते. प्रवर्तित दाबाचे एकदिशकारक मंडलाने एकदिश दाबात रूपांतर होते व त्यावर चिप चालू लागते.

वाचकयंत्र क्षेत्राच्या तीव्रतेत सूक्ष्म बदल करून कार्डाकडे आज्ञा पाठविते. उत्तर देताना कार्ड स्वतः तरंग प्रक्षेपित करीत नाही, तर आपल्या मंडलावरील भार ठरावीक क्रमाने कमीजास्त करते. त्याचा परिणाम वाचकयंत्राच्या वेटोळ्यातील दाबावर होतो व तो ओळखून यंत्र उत्तर वाचते. या पद्धतीचे तपशील आयएसओ/आयईसी १४४४३ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेले आहेत. त्यानुसार कार्याचे अंतर सु. १० सेंमी. पर्यंतच असते. हे अंतर हेतुपुरस्सर अल्प ठेवलेले आहे. ते अधिक असते, तर बाजूने जाणाऱ्या माणसाच्या खिशातील कार्डातूनही रक्कम वजा होण्याचा संभव राहिला असता.

प्रत्यक्ष व्यवहारात पुढील क्रिया एकापाठोपाठ होतात : यंत्र क्षेत्रात आलेले कार्ड ओळखते, कार्ड व यंत्र गुप्त किल्ल्यांच्या साहाय्याने परस्परांच्या खरेपणाची खात्री करून घेतात, यंत्र शिल्लक रक्कम व मागील नोंद वाचते, भाडे वजा करून नवी शिल्लक व प्रवासाची नोंद कार्डावर लिहिते आणि शेवटी दरवाजा उघडते किंवा दिवा लावते. हे सर्व साधारणपणे अर्ध्या सेकंदाच्या आत व्हावे लागते. जपानमधील रेल्वे-प्रवेशद्वारांवर हा काळ सु. ०·२ सेकंदापर्यंत खाली आणलेला आहे. एकाच पाकिटात दोन कार्डे असली, तर यंत्राला दोन्हींची उत्तरे एकदम मिळतात. अशा वेळी एक एक कार्ड निवडण्याची सोय मानकात असली, तरी त्यांतील कोणत्या कार्डावर भाडे पडावे हे यंत्राला कळत नाही. म्हणून कार्ड पाकिटातून वेगळे काढून धरणे श्रेयस्कर असते.

रक्कम कोठे साठविलेली असते, यावरून या कार्डांचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात शिल्लक खुद्द कार्डावर असते. अशा कार्डाला व्यवहाराच्या क्षणी दूरच्या संगणकाशी संपर्क साधावा लागत नाही. बस बोगद्यात असो वा स्थानक जमिनीखाली असो, व्यवहार अडत नाही. दिवसभराच्या नोंदी नंतर एकत्रितपणे मध्यवर्ती संगणकाकडे पाठविल्या जातात. दुसऱ्या प्रकारात कार्ड ही केवळ धारकाची ओळख असते व रक्कम बँकेच्या खात्यात असते. हरविलेले कार्ड या प्रकारात तत्काळ बंद करता येते, परंतु व्यवहारासाठी संदेशवहन चालू असावे लागते किंवा वाहतूक संस्थेला काही जोखीम पत्करावी लागते.

इतिहास : प्लॅस्टिकच्या कार्डात संकलित मंडल बसविण्याची कल्पना १९६८ च्या सुमारास जर्मनीत हेल्मूट ग्रोट्रुप व युर्गन डेटलॉफ यांनी व १९७४ साली फ्रान्समध्ये रोलां मोरेनो यांनी मांडली. ही प्रारंभीची कार्डे यंत्रात घालून वापरावयाची असत. स्पर्शरहित कार्डांचा मोठ्या प्रमाणावरील वापर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुरू झाला. सोल येथे १९९६ पासून बसगाड्यांत अशी कार्डे वापरात आली. हाँगकाँगमध्ये १ सप्टेंबर १९९७ रोजी ‘ऑक्टोपस’ कार्ड सुरू झाले. तेथे कार्ड निघण्यापूर्वीच, १९९४ साली, प्रमुख वाहतूक संस्थांनी एकत्र येऊन संयुक्त कंपनी स्थापन केली होती. तिने सर्वांची वसुली एकत्र करून ज्याचा त्याचा वाटा देण्याची व्यवस्था उभारली. त्यामुळे पहिल्या दिवसापासून एकच कार्ड अनेक वाहनांत चालू शकले आणि पुढे दुकाने, उपाहारगृहे व वाहनतळ यांनीही ते स्वीकारले. तोक्यो परिसरात २००१ साली ‘सुइका’ व लंडनमध्ये २००३ साली ‘ऑइस्टर’ ही कार्डे आली. लंडनच्या बसमध्ये डिसेंबर २०१२ पासून व भूमिगत रेल्वेत सप्टेंबर २०१४ पासून सामान्य बँक-कार्डानेही भाडे देता येऊ लागले. भारतात दिल्ली मेट्रोने डिसेंबर २००२ मधील आरंभापासूनच स्पर्शरहित कार्डे व बिल्ले वापरले.

राष्ट्रीय सामायिक कार्ड : प्रत्येक शहरातील प्रत्येक संस्थेने आपापले स्वतंत्र कार्ड काढल्यामुळे प्रवाशाच्या पाकिटात कार्डांची गर्दी होऊ लागली. त्यावर उपाय म्हणून ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबाद येथे ‘राष्ट्रीय सामायिक गतिशीलता कार्ड’ या योजनेचा आरंभ करण्यात आला. भारतीय राष्ट्रीय भरणा महामंडळाच्या ‘रुपे’ या कार्डव्यवस्थेवर ते आधारलेले आहे. त्यात वर वर्णिलेले दोन्ही प्रकार एकत्र आणलेले आहेत : एकीकडे ते बँकेचे नेहमीचे कार्ड असते, तर दुसरीकडे त्याच्या चिपेवर जास्तीत जास्त २,००० रुपयांची स्वतंत्र शिल्लक ठेवता येते व ती संपर्काविना खर्च करता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने केवळ सार्वजनिक वाहतुकीसाठी असलेली, ओळखीच्या कागदपत्रांशिवाय मिळणारी पूर्वभरणा साधने देण्यास बँका व अन्य संस्थांना अनुमती दिली. अशा साधनातील शिल्लक ३,००० रुपयांहून अधिक असू शकत नाही, त्यातून रोख रक्कम काढता येत नाही व ती दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

मुंबईतील प्रयोग : मुंबईत या दिशेने झालेले प्रयत्न बरेच जुने आहेत. उपनगरी रेल्वेने विसाव्या शतकाच्या अखेरीस कूपनांची पुस्तिका विकण्यास सुरुवात केली. प्रवासी स्थानकावरील यंत्रात कूपन घालून त्यावर वेळ व स्थानक छापून घेत असे. २००७ च्या सुमारास स्वयंचलित तिकीट-यंत्रे बसविण्यात आली व त्यांसाठी पूर्वभरणा कार्डे देण्यात आली. या यंत्रांनी खिडकीवरील रांग विभागली गेली व सुट्या पैशांचा प्रश्न सुटला. तथापि कार्डाच्या मोबदल्यात अखेर कागदी तिकीटच हाती येत असल्याने, कार्डाने नाण्यांची जागा घेतली, तिकिटाची नव्हे. त्याच सुमारास उपनगरी रेल्वे व बेस्ट बस या दोहोंत चालावे अशा उद्देशाने ‘गो मुंबई’ नावाचे स्पर्शरहित कार्ड काढण्यात आले होते. कल्पना योग्य असूनही ते रुजले नाही.

८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा मेट्रोचा पहिला मार्ग सुरू झाला व प्रवेशद्वाराशी कार्ड टेकविण्याची सवय मुंबईकरांना प्रथम मोठ्या प्रमाणावर लागली. बेस्टने २० एप्रिल २०२२ रोजी गेट वे ऑफ इंडिया ते चर्चगेट या मार्गावर चढताना व उतरताना कार्ड किंवा भ्रमणध्वनी टेकवून भाडे देण्याची बससेवा सुरू केली. बसचे भाडे अंतरावर ठरत असल्याने चढण्याची व उतरण्याची अशा दोन्ही नोंदी आवश्यक असतात. दोहोंमधील अंतर काढून यंत्र स्वतःच भाडे आकारते व ‘कुठे उतरणार?’ हा वाहकाचा प्रश्न अनावश्यक ठरतो. १९ जानेवारी २०२३ रोजी मेट्रोच्या २अ व ७ या मार्गांच्या उद्‌घाटनप्रसंगी राष्ट्रीय कार्डाच्या पद्धतीचे ‘मुंबई १’ कार्ड प्रसृत करण्यात आले. प्रारंभी ते मेट्रोसाठी व पुढे बस व उपनगरी रेल्वेसाठीही वापरता यावे, असा त्यामागील उद्देश सांगण्यात आला होता.

दक्षिण व मध्य मुंबईच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे मेट्रोचा तिसरा, पूर्णतः भूमिगत असा कुलाबा–वांद्रे–सीप्झ मार्ग होय. ३३·५ किमी. लांबीचा हा मार्ग तीन टप्प्यांत सुरू होऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाला. त्यामुळे गिरगाव, काळबादेवी, सिद्धिविनायक व दादर ही दाट वस्तीची ठिकाणे प्रथमच एका मेट्रोमार्गाने जोडली गेली. मार्ग पूर्ण खुला झाला त्या वेळी दक्षिणेकडील भूमिगत स्थानकांत भ्रमणध्वनीचे संदेशवहन मिळत नसल्याने, ऐनवेळी भ्रमणध्वनीवर क्यूआर तिकीट काढू पाहणाऱ्यांची अडचण झाली. कार्डावरच शिल्लक साठविण्याचा प्रकार कोणत्या परिस्थितीसाठी योजलेला आहे, याचे हे उत्तम उदाहरण आहे. ज्याच्यापाशी भरलेले कार्ड असते, त्याला संदेशवहन असले काय वा नसले काय, सारखेच.

सोयीचे स्वरूप : स्पर्शरहित कार्डाची सोय चार प्रकारची असते. सुटे पैसे बाळगावे लागत नाहीत, हा तिचा पहिला व सर्वांना जाणवणारा प्रकार होय. बेस्टचे किमान भाडे ९ जुलै २०१९ पासून साध्या बसला पाच व वातानुकूलित बसला सहा रुपये होते. यांतील सहा रुपयांचे भाडे दहाच्या नोटेने दिले, तर चार रुपये परत करावे लागत व त्यासाठी वाहकाकडे नाण्यांचा साठा असावा लागे. ९ मे २०२५ पासून ही भाडी अनुक्रमे दहा व बारा रुपये झाली व वातानुकूलित बसमध्ये दोन रुपयांच्या नाण्याचा प्रश्न उरलाच. कार्डाला सहा व दहा हे आकडे सारखेच असतात. रांगेतील वेळ वाचणे हा दुसरा प्रकार होय. वाहनाचा थांब्यावरील खोळंबा कमी होणे हा तिसरा. यात कार्ड न वापरणाऱ्या प्रवाशाचाही लाभ असतो, कारण बस सर्वांसाठीच लवकर निघते. चौथा प्रकार संस्थेच्या सोयीचा आहे : कोणत्या थांब्यावर, कोणत्या वेळी किती प्रवासी चढतात, याची बिनचूक नोंद आपोआप होते व तिच्या आधारे बसफेऱ्यांची आखणी करता येते.

या सर्वांहून मोठी अशी पाचवी सोय असते व ती म्हणजे एका वाहनातून दुसऱ्यात जाताना नवे तिकीट काढावे न लागणे. मुंबईची उपनगरी रेल्वे स्वतःपुरती ही सोय पूर्वीपासून देत आली आहे. चर्नी रोडला गाडीत बसून, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेने करी रोडला उतरणाऱ्या प्रवाशाला दोन रेल्वेंसाठी मिळून एकच तिकीट पुरते. परंतु हाच प्रवासी गिरगावहून मेट्रोने दादरला आला व तेथून बसने परळच्या रुग्णालयाकडे निघाला, तर त्याचा संबंध दोन वेगळ्या संस्थांशी येतो. परतताना त्याने लोकल पकडली, तर तिसऱ्या संस्थेशी. बससेवा महानगरपालिकेच्या उपक्रमाची, उपनगरी रेल्वे केंद्र शासनाची आणि भूमिगत मेट्रो केंद्र व राज्य यांच्या संयुक्त कंपनीची आहे. प्रत्येकीचे भाडेदर, सवलती व हिशोबाची रीत निराळी आहे.

येथे दोन गोष्टींतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. अनेक संस्थांनी एकच कार्ड स्वीकारणे ही एक गोष्ट व त्यांनी मिळून एकच भाडे आकारणे ही दुसरी. पहिली साधली तरी प्रवाशाला प्रत्येक वाहनाचे किमान भाडे नव्याने द्यावेच लागते. मेट्रोचे किमान भाडे दहा रुपये व बसचे दहा रुपये असेल, तर थोड्या अंतराच्या जोडप्रवासालाही वीस रुपये पडतात. कार्डामुळे ते देणे सोपे होते, कमी होत नाही. लंडनमध्ये सप्टेंबर २०१६ पासून एका बसचे भाडे दिल्यावर तासाभरात दुसऱ्या बसने विनामूल्य जाता येऊ लागले. अशी सवलत देणे कार्डामुळे शक्य होते, कारण मागील प्रवासाची नोंद त्यावर वा खात्यावर असते. पण ती द्यावयाची की नाही आणि तिचा बोजा कोणी उचलावयाचा, हे यंत्राला ठरविता येत नाही. तो संस्थांमधील कराराचा विषय आहे.

उपनगरी रेल्वेचा प्रश्न आणखी वेगळा आहे. दररोज सत्तर लाखांहून अधिक प्रवाशांची ने-आण करणाऱ्या या रेल्वेच्या स्थानकांवर मेट्रोप्रमाणे स्वयंचलित प्रवेशद्वारे नाहीत. तिकीट जवळ असणे हे प्रवाशावर सोपविलेले असून अधूनमधून तपासनीसांकडून त्याची पडताळणी होते. दादर, परळ, प्रभादेवी यांसारख्या स्थानकांच्या पुलांवर व जिन्यांवर गर्दीच्या वेळी जो लोंढा असतो, तो प्रवेशद्वारांच्या रांगांत अडविणे धोक्याचे ठरेल. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तत्कालीन एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. अरुंद वाटेत थांबलेल्या गर्दीचा अर्थ त्या घटनेने दाखवून दिला. त्यामुळे रेल्वेच्या बाबतीत खुल्या फलाटावर उभ्या खांबाशी कार्ड टेकविणे किंवा भ्रमणध्वनीवर तिकीट काढणे असेच मार्ग व्यवहार्य वाटतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘मुंबई वन’ या भ्रमणध्वनी-व्यवस्थेत रेल्वे, मेट्रो व बस मिळून अकरा वाहतूक सेवांची तिकिटे एकत्र काढता येऊ लागली. एकीकरणाचे जे कार्य कार्डाकडून अपेक्षित होते, ते अशा रीतीने अंशतः क्यूआर तिकिटाकडे गेले.

दैनंदिन खरेदीतील स्थान : हाँगकाँग किंवा जपानप्रमाणे प्रवासाचे कार्ड दुकानातही वापरण्याची प्रथा मुंबईत रुजली नाही. याची कारणे आर्थिक आहेत. कार्ड स्वीकारण्यासाठी विक्रेत्याकडे वाचकयंत्र असावे लागते. दादरच्या फूलबाजारातील किंवा लालबागच्या मिरचीगल्लीतील लहान विक्रेत्याला असा खर्च परवडतोच असे नाही. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत विक्रेत्याला क्यूआर चौकट छापलेला कागद तेवढा पुरतो, व १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डावरील व यूपीआयवरील व्यवहारांसाठी विक्रेत्याकडून घ्यावयाचे शुल्क रद्द झाले. मोठ्या दुकानांत मात्र बँकेची स्पर्शरहित कार्डे प्रचलित आहेत. १ जानेवारी २०२१ पासून गुप्त क्रमांक न देता करावयाच्या अशा व्यवहारांची मर्यादा २,००० रुपयांवरून ५,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. यावरून दोन्ही साधनांची क्षेत्रे निराळी असल्याचे दिसते. फुलांची जुडी घेताना अर्धा मिनिट गेला तरी बिघडत नाही. बसच्या दारात मागे दहा माणसे उभी असताना तोच अर्धा मिनिट फार मोठा ठरतो. जेथे वेळेचे मोल अधिक तेथे कार्ड, व जेथे यंत्राचा खर्च टाळावयाचा तेथे क्यूआर, अशी ही विभागणी आहे.

मर्यादा व दोष : (१) कार्डाची सोय आगाऊ पैसे भरू शकणाऱ्याला मिळते. ज्याची कमाई रोजच्या रोज होते, त्याला शंभर रुपये कार्डात अडकवून ठेवणे जड जाते. (२) राष्ट्रीय कार्डात भ्रमणध्वनीवरून किंवा संगणकावरून भरलेली रक्कम लगेच चिपेवर येत नाही; ती उतरवून घेण्यासाठी कार्ड एकदा योग्य त्या यंत्राशी धरावे लागते. हे ठाऊक नसलेला प्रवासी पैसे भरूनही दाराशी अडतो. (३) चिपेवरील शिल्लक ही पाकिटातील रोख रकमेसारखी असते. कार्ड हरविल्यास ती बहुधा परत मिळत नाही. (४) उतरताना कार्ड टेकविण्याचे राहून गेल्यास अशा पद्धतींत सामान्यतः अधिकात अधिक भाडे आकारले जाते. (५) सुरक्षिततेचे उपाय कालांतराने जुने होतात. जगात अत्यंत प्रचलित असलेल्या ‘मायफेअर क्लासिक’ या चिपेची गुप्त पद्धत २००८ साली नेदर्लंड्समधील विद्यापीठीय संशोधकांनी उलगडून दाखविली, तेव्हा अनेक शहरांना आपली कार्डे बदलण्याचा विचार करावा लागला. (६) पुठ्ठ्याच्या तिकिटाला प्रवाशाचे नाव ठाऊक नसे. नावाशी जोडलेल्या कार्डावर मात्र माणूस कोठे, केव्हा व किती वेळा गेला, याची नोंद राहते. ती कोणी, किती काळ व कोणत्या कारणासाठी जपावी, याचे स्पष्ट नियम असणे आवश्यक ठरते. कागदपत्रांविना मिळणाऱ्या कार्डाचे महत्त्व या दृष्टीने विशेष आहे.

याखेरीज शहरातील सर्वच प्रवासी नित्याचे नसतात. परळ परिसरातील केईएम, टाटा स्मारक व वाडिया या रुग्णालयांत उपचारांसाठी महाराष्ट्राच्या सर्व भागांतून व इतर राज्यांतून रुग्ण व त्यांचे नातलग येतात. त्यांतील पुष्कळांचा तो मुंबईतील पहिलाच प्रवास असतो, मुक्काम अनिश्चित असतो व हाती असलेला पैसा मोजका असतो. गणेशोत्सवाच्या दिवसांत लालबागला येणाऱ्या असंख्य भाविकांपैकीही अनेकजण वर्षातून एकदाच येथे येतात. अशा प्रवाशांना कार्ड विकत घ्या, त्यात रक्कम भरा व उरलेली सोडून जा, असे सांगणे न्याय्य नाही. त्यांच्यासाठी रोख पैसे घेऊन तिकीट देणारी खिडकी व वाहक असावेच लागतात. कार्डामुळे नित्याच्या प्रवाशांची रांग कमी झाली, तर नवख्या प्रवाशाला रस्ता व भाडे समजावून सांगण्यास त्या खिडकीवरील माणसाला सवड मिळते. कार्डाच्या प्रसाराबरोबर रोखीची व्यवस्था मोडीत काढली, तर मात्र एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय होते.

स्पर्शरहित कार्डाचे तंत्र गेल्या तीन दशकांत स्थिरावले आहे व त्यात मूलभूत अडचण अशी उरलेली नाही. कार्डाऐवजी आता तीच चिप भ्रमणध्वनीत व मनगटी घड्याळातही बसविली जाते. तत्त्व मात्र बदललेले नाही. मुंबईपुरते पाहता, बस, मेट्रो व उपनगरी रेल्वे यांनी परस्परांचे कार्ड मान्य करणे, संयुक्त भाडेदर ठरविणे व जमा रकमेची वाटणी करणारी सामायिक हिशोबव्यवस्था चालविणे या तीन गोष्टींवर या साधनाची पुढील उपयुक्तता अवलंबून आहे.